तिसरा हिरवा दिवा

गेल्या महिन्यात ओझर विमानतळावर उतरायला काही मिनिटे उरली असताना आमचे विमान पुन्हा वर चढले आणि दिंडोरीच्या बाजूला घिरट्या घालू लागले. थोड्याच वेळात वैमानिकांनी स्वतः सांगितले की पुढचे चाक खाली येऊन पक्के बसल्याचा हिरवा दिवा लागलेला नाही, तपासणीला वीसेक मिनिटे लागतील आणि तेवढे इंधन विमानात आहे. इतकी स्पष्ट घोषणा मी यापूर्वी ऐकलेली नव्हती.

हायड्रॉलिक दाबाने चाके उतरली नाहीत, तर त्यांची कुलपे सोडून ती स्वतःच्या वजनाने खाली येऊ देण्याची पर्यायी सोय प्रवासी विमानांत असते. वैमानिकांनी तीच वापरली. तेवढ्या वेळात हवाई सेविकेने माझ्या शेजारच्या आजींचा पट्टा आवळला, त्यांचा चष्मा काढून घेतला आणि मराठीत सांगितले, "आजी, कपाळ पुढच्या सीटला टेकवा आणि विमान थांबेपर्यंत मान वर करू नका." आजींचे थरथरणारे हात तिने नीट डोक्यावर ठेवून दाखवले, आणि मगच ती पुढच्या रांगेकडे वळली.

विमान सरळ, अलगद उतरले आणि धावपट्टीवरच थांबले. तेथून ते ट्रॅक्टरने ओढून नेण्यात आले. नंतर सामानासाठी तासभर थांबावे लागले आणि त्याबद्दल कोणीही काही सांगितले नाही, ही उणीव नोंदवणे भाग आहे. विमानातील कर्मचाऱ्यांना मात्र मी पाचपैकी पाच तारे देतो.