केल्म्सकॉट की चॅसलटन?

आम्ही इंग्लंडमध्ये स्विंडन शहराजवळ राहतो. घरी कोणी आलं आणि ‘जुनं दगडी घर दाखवा’ म्हणालं, की केल्म्सकॉट मॅनर आणि चॅसलटन हाउस या दोन घरांतलंच एक ठरतं, कारण एका दिवसात दोन्ही केली तर एकही नीट बघून होत नाही. दोन्ही ऑक्सफर्डशरमधली, दोन्ही चुनखडीच्या दगडाची, वयानेही जवळजवळ बरोबरीची. मी दोन्ही एकाहून अधिक वेळा पाहिली आहेत.

पहिल्या नजरेत केल्म्सकॉट मॅनरच मनात भरतं. थेम्सकाठची सपाट जमीन, शेतकरी कुटुंबाने १६०० च्या सुमारास बांधलेलं घर, आणि वर दगडी कौलं. माझी आई सातारकडच्या कौलारू घरात वाढलेली. तिने आधी छपराकडेच पाहिलं आणि विचारलं, “वळचणीला एवढाली कौलं आणि आढ्याकडे एवढीशी का रे?” तिथली रीतच तशी आहे. मोठी, जड कौलं खाली भिंतीच्या आधाराला. वर चढत जाल तशा ओळी लहान होत जातात. खाणीतून निघालेला लहान तुकडाही वाया जात नाही. कापडांच्या आणि भिंतीच्या कागदांच्या नक्षींसाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम मॉरिसने १८७१ मध्ये हे घर भाड्याने घेतलं ते अखेरपर्यंत सोडलं नाही. त्या छपराखाली उभं राहिलं की त्याचं कारण कळतं.

पण आत गेल्यावर मला एक गोष्ट खटकते, आणि माझा कौल तिनेच ठरवला. खोलीतून खोलीत जावं लागतं. मॉरिसच्या झोपायच्या खोलीतूनसुद्धा वाट जाते. त्या काळच्या घरांची ती रीतच होती, घराचा त्यात दोष नाही. पण खिडकीच्या दगडी चौकटीपाशी थांबावं, बोटाने घडाई चाचपावी असं वाटतं तेव्हाच मागून कोणीतरी येतं आणि बाजूला सरकावं लागतं. तिन्ही वेळा माझं हेच झालं. कदाचित मी गर्दीच्याच दिवशी गेलो असेन. शिवाय भिंतींवरचे जुने विणलेले पडदे आणि कापडं इतकी देखणी आहेत की दगड बघायचा राहूनच जातो.

चॅसलटन हाउस बांधलं गेलं १६०७ ते १६१२ या काळात. समोरून ते जरा कडक वाटतं: तीन मजले, टोकदार त्रिकोणी माथे, आणि दरवाजा दिसतच नाही, कारण तो पुढे आलेल्या देवडीच्या बाजूच्या भिंतीत आहे. पण मध्ये चौक आहे, दोन्ही बाजूंना जिने आहेत, त्यामुळे माणसं पांगतात. हव्या त्या भिंतीपाशी हवं तितकं थांबता येतं.

जवळजवळ ४०० वर्षं घर एकाच घराण्याकडे राहिलं. हातात पैसा नव्हता, म्हणून फारसं काही बदललं नाही. १९९१ मध्ये ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आलं. त्यांनी ते नवंकोरं न करता फक्त सावरलं आणि १९९७ मध्ये लोकांसाठी उघडलं. जुन्या वास्तू ‘सुधारू’ नका, सांभाळा, हा मॉरिसचा आग्रह. त्यासाठी त्याने १८७७ मध्ये संस्थाही काढली. मला तो आग्रह त्याच्या स्वतःच्या घरापेक्षा इथे जास्त जाणवला, हे सांगताना थोडं अवघड वाटतं, पण खरं आहे.

मॉरिसच्या नक्ष्यांचं वेड असेल तर केल्म्सकॉटच करा, मी अडवणार नाही. गुडघे दुखत असतील तर आधी विचार करा; चॅसलटनला गाडी लांब लावून चालावं लागतं आणि वरच्या मजल्यापर्यंत जिने आहेत. पण जमत असेल तर ते जिने चढाच. वर २२ मीटर लांबीची गॅलरी आहे, आणि डोक्यावर अख्ख्या लांबीचं अर्धगोल, नक्षीदार गिलाव्याचं छत. आई तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालली, मान वर करून, अगदी सावकाश. मागून कोणीच येत नव्हतं.