होंडा बीट अमेरिकेत: आयात, नोंदणी आणि काही महिन्यांचा वापर

सीटच्या मागे ६५६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ६४ पीएस ताकद, पाच गिअर, उघडणारं कापडी छत आणि सगळं मिळून वजन ७६० किलो. होंडाने बीट १९९१ ते १९९६ या काळात जपानच्या केई वर्गासाठी (आकार आणि इंजिनावर मर्यादा असलेल्या छोट्या गाड्यांचा वर्ग) बनवली, अमेरिकेत ती कधीच विकली नाही. शेवटच्या बीटलाही आता २५ वर्षं उलटून गेली आहेत, म्हणून फेडरल (केंद्रीय) सुरक्षा नियमांचा अडसर उरलेला नाही. गाडी मनापासून आवडली हे आधीच सांगतो. पण ही गाडी घेताना खरा कस लागतो तो कागदपत्रांत आणि गाडीच्या पोटाखाली. म्हणून चालवण्याबद्दल नंतर, आधी ते.

जपानमधल्या लिलावात गाडीसोबत तपासणीचा तक्ता येतो. त्यावरच्या एकूण गुणांवर बहुतेकांची नजर अडकते, पण बीटसाठी गाडीचा आराखडा जास्त बोलतो. त्यात ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे दुरुस्त केलेल्या पत्र्यातली लाट, ‘एस’ म्हणजे गंज आणि ‘सी’ म्हणजे पत्रा खात गेलेला गंज. ‘एक्सएक्स’ असेल तर तो भाग बदललेला आहे. ‘आर’ दर्जा म्हणजे अपघातानंतर दुरुस्ती. दारांखालच्या पट्टीवर किंवा मागच्या चाकाच्या कमानीवर ‘एस’ वा ‘सी’ दिसला तर गाडी सोडून द्या, रंग कितीही चकचकीत असो. छताच्या कडेने झिरपलेलं पाणी याच पट्ट्यांत साचतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेर फुगवटा दिसेपर्यंत आतलं बरंच गेलेलं असतं. बोली लावण्याआधी, ती आपल्या वतीने लावणाऱ्या एजंटकडून खालच्या बाजूचे फोटो मागवा. तो देत नसेल तर एजंट बदला.

जहाजाचे दोन मार्ग आहेत. रो-रो जहाजावर गाडी चालवत चढवतात. हे स्वस्त पडतं, पण आत सुटं सामान ठेवता येत नाही. कंटेनर महाग, पण बंदिस्त. कंटेनरने आणत असाल तर आयएसएफ ही सुरक्षा नोंद माल जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी कस्टम्सकडे गेलेली असली पाहिजे. ती चुकली तर ५,००० डॉलरपर्यंतचा दावा लागू शकतो. एजंट म्हणतो ब्रोकर (कस्टम्सचं काम करून देणारा मध्यस्थ) करेल, ब्रोकर म्हणतो एजंटने माहितीच दिली नाही, आणि भुर्दंड आयातदाराला. हे काम कोणाचं ते दोघांकडून लेखी घ्या. आणखी एक: गाडी निघण्यापूर्वी खालून वाफेने धुऊन घ्या. चाकांच्या कमानीत परदेशी माती सापडली तर बंदरावर गाडी अडकते आणि साठवणुकीचं भाडं दिवसागणिक चढत जातं.

कस्टम्सला तीन अर्ज लागतात. एचएस-७ या सुरक्षा नियमांच्या अर्जात पहिला रकाना, म्हणजे २५ वर्षांहून जुनी गाडी. ईपीए या पर्यावरण संस्थेच्या ३५२०-१ मध्ये ‘ई’ हा कोड, म्हणजे २१ वर्षांहून जुनी आणि मूळ स्थितीतली. इंजिन बदललेली बीट या कोडात बसत नाही, तेव्हा ‘मॉडिफाइड’ गाड्यांच्या मोहात पडू नका. तिसरा ७५०१, त्यावर शुल्काचा हिशोब. प्रवासी गाडीवर मूळ दर २.५ टक्के आहे (ट्रकवर २५ टक्के, म्हणून केई ट्रकचं गणित वेगळं). शिवाय मालप्रक्रिया शुल्क ०.३४६४ टक्के आणि बंदर देखभाल शुल्क ०.१२५ टक्के. २०२५ पासून वरचे अतिरिक्त दर बदलत आले आहेत, म्हणून गाडी जहाजावर चढण्याआधीच ब्रोकरकडून त्या आठवड्याचा आकडा लेखी मागा. किंमत २,५०० डॉलरच्या वर असेल तर बाँड (शुल्क भरण्याची हमी) लागतो. एकच गाडी आणणाऱ्याने एका खेपेपुरता घ्यावा.

नोंदणीत घोळ होतो तो चेसिस नंबरवरून. जपानी गाडीला अमेरिकेतला १७ अक्षरांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) नसतो. बीटचा नंबर ‘पीपी१’, मग एक आडवी रेघ, मग सात आकडे असा असतो. मॉडेलचा कोड मात्र ‘ई-पीपी१’. जपानकडून मिळणाऱ्या एक्स्पोर्ट सर्टिफिकेटवर दोन्ही असतात आणि घाईत कारकून मॉडेल कोडच व्हीआयएनच्या रकान्यात टाकतो. कुठे रेघ गळते, कुठे राहते. ७५०१, एचएस-७, विक्रीपावती आणि सर्टिफिकेटचं प्रमाणित भाषांतर, या चारही कागदांवर नंबर अक्षर न अक्षर सारखा हवा. तो सारखा नसेल तर राज्याच्या नोंदणी कार्यालयातला खिडकीवरचा माणूस फाइल परत करतो, आणि त्याचं चुकत नाही. ब्रोकरला मसुदा आधी पाठवायला सांगा. अर्ज दाखल झाल्यावर दुरुस्ती करणं फार किचकट. मूळ एक्स्पोर्ट सर्टिफिकेट राज्य ठेवून घेऊ शकतं, तेव्हा रंगीत स्कॅन करून ठेवा. ओडोमीटर किलोमीटरमध्ये आहे हेही अर्जावर ठळक लिहा, नाहीतर ८०,००० किलोमीटरचे ८०,००० मैल होतात.

गाडी फेडरल पातळीवर कायदेशीर असली म्हणजे राज्य प्लेट देईलच असं नाही. केई गाड्यांवरून राज्यांची धोरणं उलटसुलट होत आली आहेत. टेक्सास आणि मॅसॅच्युसेट्स यांनी २०२४ मध्ये आधीची बंदी मागे घेतली. कॅलिफोर्नियात १९७६ आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉगचे नियम लागू होतात आणि थेट आयात केलेल्या गाडीसाठी ती वाट प्रयोगशाळेतून जाते, खर्चिक असते. बोली लावण्याआधी आपल्या राज्याच्या कार्यालयाकडून ईमेलवर उत्तर मिळवा. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, ‘ऑफ-रोड’ शिक्का बसू देऊ नका. विमा संग्राहकांच्या गाड्यांचा विमा करणाऱ्यांकडे, मान्य मूल्याच्या (गाडीची किंमत आधीच ठरवलेल्या) पॉलिसीवर घ्या; नेहमीच्या कंपनीचं संगणकी पान १७ अक्षरांशिवाय पुढेच सरकत नाही.

आता चालवण्याबद्दल. इंजिन मिनिटाला ८,१०० फेऱ्यांवर पूर्ण ताकद देतं आणि टॉर्कचा शिखरबिंदू ७,००० वर आहे. खाली काहीच नाही, वर सगळं आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल असल्याने पेडलला प्रतिसाद लगेच मिळतो. स्टीअरिंगला पॉवर नाही आणि ती लागतही नाही. वळणावळणाच्या रस्त्यावर ताशी ५० मैलांच्या आत इतका आनंद देणाऱ्या गाड्या फार थोड्या. हायवेवर मात्र इंजिन सतत वरच्या फेऱ्यांत राहतं, आवाजाने तासाभरात थकवा येतो आणि मोठ्या ट्रकच्या चालकाला आपण दिसत नाही हे गृहीत धरूनच चालवावं लागतं. मागची डिकी इंजिनाने तापते. किराणा तिथे ठेवू नये. जपानी हेडलाइटचा किरण डाव्या कडेला वर उचललेला असतो, तो अमेरिकेत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. झोत खाली करणं ही तात्पुरती सोय.

बिघाडांत पहिला क्रमांक ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाने गळतात आणि ते द्रव बोर्डाचे तांब्याचे मार्ग खातं. चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी अडखळते, गरम झाल्यावर बंद पडते. लक्षणं दिसेपर्यंत थांबू नका. गाडी आली की बोर्ड काढून सगळे कपॅसिटर १०५ अंशांच्या दर्जाचे बसवा. मार्ग कुजल्यावर तीच दुरुस्ती कित्येक पट महाग पडते. थंड असताना सुरू होते पण गरम असताना टाकीतलं पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा आवाजच येत नाही, असं झालं तर मेन रिले (त्या पंपाला वीज देणारा स्विच) उघडून बघा. त्या काळच्या होंडांत तिथल्या डाखाला बारीक तडे जातात. डाख पुन्हा दिली की काम होतं.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर तो जुनाच धरा. पाण्याचा पंप, टेन्शनर, कॅम आणि क्रँकचे सील त्याच वेळी बदला, कारण मजुरी उघडण्याचीच असते. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, म्हणून कूलंटचे पाइप गाडीभर जातात; कूलंट भरताना हवा पूर्ण काढली नाही तर काटा ठीक दाखवतानाच इंजिन तापतं. सुरुवातीच्या गाड्यांत एसीला आर-१२ वायू आहे. आर-१३४ए वर नेताना कॉम्प्रेसरचं तेल आणि रिसीव्हर-ड्रायरही बदलावा लागतो.

टायर पुढे १५५/६५ आर१३ आणि मागे १६५/६० आर१४. दोन्ही मापं अमेरिकेतल्या दुकानात सहसा नसतात आणि पुढचे-मागचे आपसात बदलता येत नाहीत. गाडीसोबत आलेले टायर नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मागवताना डीओटीचा (अमेरिकी वाहतूक खात्याचा) शिक्का असलेलेच मागवा. होंडाने २०१७ मध्ये बीटचे काही सुटे भाग पुन्हा द्यायला सुरुवात केली, तरी बेल्ट, सील, डिस्ट्रिब्युटरची टोपी, छताची रबरं हे सगळं कंटेनरमध्ये गाडीसोबतच आणणं सोयीचं. फक्त ते इन्व्हॉइसवर वेगळ्या ओळीत, किमतीसह दाखवा. न दाखवलेलं खोकं सापडलं की तपासणी सगळ्या कंटेनरची होते.