चेनसॉचा कार्ब्युरेटर: किट बसवावे, नवा घ्यावा की यंत्रच बदलावे?

बरेच महिने पडून राहिलेला पेट्रोल चेनसॉ सुरू होत नाही, किंवा सुरू झाला तरी थ्रॉटल (वेग वाढवणारा खटका) दाबताच बंद पडतो, तेव्हा मालकासमोर साधारण तीन मार्ग असतात. आहे तो कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवेचे मिश्रण करणारा भाग, उघडून साफ करावा आणि त्यात नव्या डायफ्रामचे (पातळ लवचिक पडद्यांचे) व गॅस्केटचे (सांधे हवाबंद ठेवणाऱ्या चकत्यांचे) किट बसवावे. अख्खा कार्ब्युरेटर बदलावा. किंवा त्या यंत्राचा नाद सोडून नवे घ्यावे. बहुतेकांसाठी पहिला मार्गच योग्य ठरतो, असे माझे मत आहे. मात्र दोष खरोखर कार्ब्युरेटरमध्येच असला पाहिजे, आणि नेमके हेच न तपासता अनेक जण सुटे भाग मागवून मोकळे होतात.

ही तपासणी अवघड नाही. स्टार्टरची दोरी काही वेळा ओढून झाल्यावर स्पार्क प्लग काढून पाहावा. प्लग ओला असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, त्यामुळे संशय ठिणगीवर किंवा चोकच्या (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणाऱ्या झडपेच्या) अतिवापरावर जातो. कोरडा असेल तर पेट्रोल वाटेत अडले आहे. पण ती वाट टाकीपासून सुरू होते, हे विसरू नये. टाकीतला फिल्टर तुंबलेला असू शकतो किंवा पेट्रोलचा पाइप तडकलेला असू शकतो. यंत्र काही मिनिटे व्यवस्थित चालून मग दम सोडत असेल आणि टाकीचे झाकण सैल करताच पुन्हा सावरत असेल, तर टाकीत हवा जाण्याचा मार्ग बंद झाला आहे आणि कार्ब्युरेटरला हात लावण्याचे कारण नाही.

त्यानंतर थंड इंजिनाचा सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन पाहावा. पिस्टनच्या अंगावर खोल उभे ओरखडे दिसले, किंवा सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन गेजचा काटा १०० पीएसआयच्याही खाली राहिला, तर कार्ब्युरेटरवर केलेला खर्च वाया जाण्याचीच शक्यता अधिक. सायलेन्सर उघडलाच आहे, तर त्याच्या तोंडावरची बारीक जाळी काजळीने बुजली आहे का, हेही पाहून घ्यावे, कारण केवळ त्या जाळीमुळे यंत्राची ताकद घटलेली असू शकते. आणखी एक फसवे लक्षण म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचा वेग लवकर न उतरणे. अशा वेळी इनटेकच्या रबरी नळीतून किंवा क्रँकशाफ्टच्या सीलमधून बाहेरची हवा आत शिरत असण्याचा संभव मोठा असतो. नवा कोरा कार्ब्युरेटर बसवला तरी ती गळती तशीच राहते आणि पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असलेल्या, मिश्रणावर धावणारे इंजिन सीझ होते (तापून आतून जाम होते).

दोष कार्ब्युरेटरचाच ठरला, तर किट आणि नवा कार्ब्युरेटर यांच्यात निवड करण्यापूर्वी आत काय बिघडते ते समजून घ्यावे. चेनसॉ आडवा, उलटा, कसाही धरून चालवावा लागतो, म्हणून त्याच्या कार्ब्युरेटरमध्ये मोटरसायकलसारखा फ्लोट नसतो. क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर हलणारा एक पातळ डायफ्राम पेट्रोल खेचतो, तर दुसरा डायफ्राम एका छोट्या तरफेमार्फत सुई उघडून ते मोजून आत सोडतो. हे डायफ्राम वर्षांगणिक कडक होतात, इथेनॉलमिश्रित पेट्रोलने त्यांची लवचिकता आणखी लवकर जाते, आणि टाकीत राहिलेले जुने पेट्रोल सुकून चिकट थर सोडते तो बारीक छिद्रांत अडकतो. म्हणजे खराब होतात ते मुख्यतः मऊ भाग. धातूचे अंग सहसा शाबूत असते. किटच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे.

किट घेताना केवळ डायफ्राम व गॅस्केटचा संच न घेता सुई, तरफ, स्प्रिंग आणि जाळीही देणारे पूर्ण किट घ्यावे, आणि ते यंत्राच्या नावावरून न मागवता कार्ब्युरेटरच्या अंगावर कोरलेल्या क्रमांकावरून मागवावे, कारण एकाच मॉडेलवर वॉलब्रो आणि झामा अशा वेगवेगळ्या बनावटीचे कार्ब्युरेटर आलेले असू शकतात. उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढून ठेवावा. गॅस्केट आधी की डायफ्राम आधी, हा क्रम दोन्ही बाजूंना सारखाच असेल असे नाही. छिद्रांत तार घालू नये, आणि क्लीनरचा फवारा मारण्यापूर्वी सर्व रबरी भाग बाहेर काढावेत. खरी कसोटी तरफेच्या उंचीची असते. ती जास्त राहिली तर इंजिनात पेट्रोल भरून येते, कमी राहिली तर ते उपाशी राहते. हे माप मॅन्युअलमध्ये पाहून लावण्याचा धीर नसेल, तर किटच्या वाटेला जाऊ नये.

नवा कार्ब्युरेटर हा कष्ट वाचवणारा मार्ग आहे. आतल्या वाटा गंजल्या असतील, थ्रॉटलच्या दांड्याचे छिद्र झिजून तेथून हवा येत असेल किंवा स्क्रूचे आटे गेले असतील, तर तोच योग्य मार्ग आहे. मात्र हा युक्तिवाद मूळ बनावटीच्या भागापुरताच खरा आहे. स्वस्त नकली कार्ब्युरेटर दिसायला हुबेहूब असले तरी त्यांच्या जेटची (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रांची) मापे जुळतीलच असे नाही, काहींना चोकची जोडणी नीट बसत नाही, आणि काहींत ‘एच’ स्क्रूच नसतो, त्यामुळे पूर्ण वेगावरचे मिश्रण दुरुस्त करायची सोय राहत नाही. असा भाग आणि मूळ कार्ब्युरेटरचे किट यांत निवड असेल, तर मी किटच घेईन.

दोन्ही मार्गांत शेवटी मिश्रण जुळवावे लागते, आणि तेव्हा बार (चेन ज्यावर फिरते ती पट्टी) व चेन बसवलेलीच असावी. ‘एल’ स्क्रू आयडल (थ्रॉटल न दाबता इंजिन संथ चालणे) आणि सुरुवातीच्या प्रतिसादासाठी असतो, ‘एच’ पूर्ण वेगासाठी. ‘एच’ अधिक घट्ट केला की इंजिन लाकडात न घालता चालवताना फार जोमदार वाटते, पण मिश्रण पातळ होऊन त्याला पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलही कमी मिळते. लाकडात न घालता पूर्ण थ्रॉटलवर किंचित अडखळता आवाज यावा आणि लाकडात घातल्यावर तो स्वच्छ व्हावा. टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजणारे उपकरण) असेल तर मॅन्युअलमधला आकडा ओलांडू नये. आयडलवर चेन फिरता कामा नये. फिरत असेल आणि आयडलचा स्क्रू सैल करूनही थांबत नसेल, तर यंत्र वापरू नये. स्टिलच्या एम-ट्रॉनिक किंवा हुस्कवार्नाच्या ऑटोट्यून यंत्रांत हे काम इलेक्ट्रॉनिक्स करते, त्यामुळे तेथे घरगुती दुरुस्तीचा वाव फार कमी आहे आणि ते अधिकृत सर्व्हिस सेंटरकडेच न्यावे.

यंत्र बदलण्याचा निर्णय कार्ब्युरेटरमुळे क्वचितच घ्यावा लागतो. पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही ओरखडले असतील, क्रँकचे बेअरिंग गेले असेल, सुटे भाग मिळेनासे झाले असतील, किंवा यंत्राला चेन ब्रेकच (यंत्र उसळल्यास चेन तत्काळ थांबवणारी सोय) नसेल, तर नवे घेणे शहाणपणाचे. यांतले शेवटचे कारण एकटेही पुरेसे आहे.

मार्ग कोणताही निवडला तरी पेट्रोल ताजे हवे. उत्पादकाने ५०:१ सांगितले असेल तर एका लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल मिसळावे आणि हे मिश्रण सुमारे महिनाभरातच संपवावे. हंगाम संपताना टाकी रिकामी करून, उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत आयडलवर चालवून मगच यंत्र ठेवून द्यावे.