कर्नलचा कन्सोल ठेवावा की केएमएसकॉन घ्यावा?

लिनक्सच्या मशीनला मॉनिटर लावला की दिसणारा मजकुराचा पडदा म्हणजे कन्सोल. तो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः दाखवतो; केएमएसकॉन हा त्याऐवजी वापरायचा वेगळा प्रोग्राम. नेटवर्क बंद पडलेल्या मशीनला मॉनिटर-कीबोर्ड लावून काम करायची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांच्यासाठीच हे लिहितोय. ज्यांचं एसएसएचवर, म्हणजे नेटवर्कवरून दुरून लॉगिन करून, भागतं, त्यांना दोन्हींत फारसा फरक जाणवणार नाही.

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. पावसाळ्यात एकदा वीज जाऊन आली आणि डेटाचं पार्टिशन (डिस्कचा भाग) माउंट होईना, म्हणजे उघडेना. नेटवर्क स्विचचा अडॅप्टरही जळाला होता. रात्री ठाण्याहून तिथे पोचलो, मॉनिटर जोडला आणि सगळ्या प्रश्नांना हो म्हणणारा पर्याय देऊन एफएससीके हे डिस्कवरच्या नोंदी तपासून दुरुस्त करणारं साधन चालवलं. कुठल्या फोल्डरमधली कुठली नोंद पुसली, हे ते ओळीओळीने सांगत होतं आणि ओळी वर पळत होत्या. १०२४×७६८ च्या पडद्यावर नेहमीच्या फॉन्टमध्ये मावतात ४८. संपल्यावर वर गेलेल्या ओळी पाहायला सवयीने शिफ्ट-पेजअप दाबलं. पडदा हलला नाही. पुन्हा चालवलं तर उत्तर आलं, ‘क्लीन’. दुरुस्ती झाली की तिची यादी पुन्हा मिळत नाही. लॉस्ट-फाउंड या बेवारस फायलींच्या फोल्डरमध्ये नुसते आकडे नाव म्हणून लावलेल्या फायली उरल्या. त्यातली चलनं कुठली, हजेरी कुठली, हे हिशेबनीस काकांच्या शेजारी बसून एकेक उघडून लावण्यात दोन दिवस गेले. आउटपुट फायलीत घ्यायला हवं होतं हे मान्य, पण अशा रात्री ते सुचत नाही.

मागे सरकायची ही सोय २०२० मध्ये, ५.९ आवृत्तीच्या वेळी, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कर्नलमधून काढली. त्या कोडमध्ये मेमरीचा दोष सापडला होता आणि तो कोड सांभाळणारं कुणी नव्हतं. निर्णय पटतो, तरी अडचण राहतेच.

केएमएसकॉन कर्नलबाहेर चालतो. डेव्हिड हेरमान यांनी २०१२ च्या सुमारास सुरू केला, मधे बराच काळ तसाच पडून होता, आता इतरांनी हाती घेतलाय. त्यात शिफ्ट-पेजअप चालतं. मागच्या १००० ओळी तो आपणहून राखतो, हव्या तर वाढवता येतात. मराठी नावांच्या फायलीही वाचण्याजोग्या दिसतात, जोडाक्षरांची मात्र खात्री देत नाही. कर्नलच्या कन्सोलला फॉन्टमध्ये ५१२ च चिन्हं ठेवता येत असल्याने तिथे चौकोनच दिसतात.

वेगाचं मी मोजमाप केलेलं नाही. कर्नलमधलं हार्डवेअरच्या मदतीने स्क्रोल करणं ५.११ मध्ये बंद केलं आणि २०२२ मध्ये परत आणलं, पण ते जुन्या ड्रायव्हरांपुरतं. माझ्या ऑफिसच्या पीसीवर लांब लॉग ओतताना केएमएसकॉन हलका वाटला. रबाळ्याच्या सर्व्हरच्या ऑनबोर्ड ग्राफिक्सवर तो किंचित जड वाटला, पण खटकण्याइतका नाही.

कर्नलच्या कन्सोलची खरी ताकद बूट होताना आणि कर्नल कोसळताना दिसते. केएमएसकॉन तेव्हा चालू झालेला नसतो किंवा मेलेला असतो. पण तिथेही चित्र बदलतंय. ६.१० मध्ये कोसळल्याचा संदेश डीआरएम (कर्नलमधला ग्राफिक्स सांभाळणारा भाग) स्वतः दाखवू लागलं, ६.१४ मध्ये बूटचे संदेशही. जुन्या कन्सोलवाचून भागेल अशी वाट कर्नलवालेच तयार करताहेत, असं मला वाटतं.

तोवर माझ्याकडे पहिल्या टीटीवायवर (कीबोर्डवरून बदलता येणाऱ्या लॉगिन-पडद्यांपैकी एक) कर्नलचा कन्सोल आहे आणि दुसऱ्यावर केएमएसकॉन. लॉगिन मी दुसऱ्यावर करतो.