धूपगढची जिप्सी राइड, पचमढी: उंचीची भीती वाटणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

5 पैकी 4 स्टार, आणि एक कुठे कापला ते खाली सांगते. नागपुरातून मध्य प्रदेशातल्या पचमढीला जाणारे खूप, नागद्वारी आणि चौरागढच्या यात्रांमुळे तर घराघरात नाव माहीत आहे, पण ज्याला उंचीची भीती वाटते त्याने तिथल्या धूपगढ शिखरावर सनसेटला नेणारी उघडी जिप्सी घ्यावी का हे कोणीच नीट सांगत नाही, सगळे फक्त सनसेटचे फोटो टाकतात, म्हणून मी लिहून राहिली आहे.

माझी भीती लहानपणापासूनची आहे. तळपाय गार पडतात, गुडघ्यातला जीव जातो, सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर वरून खाली पाहिलं तरी पोटात गोळा येतो. आपलं नागपूर 310 मीटरवर, सगळं सपाट, उंच म्हणजे सेमिनरी हिल्स, त्यामुळे सवय कुठून होणार. पचमढी गाव 1067 मीटरवर आणि धूपगढ 1352, अख्ख्या सातपुड्यात सगळ्यात उंच. जाताना सौंसरच्या पुढे सिलेवानी घाट आणि मग तामियाचा रस्ता लागतो, तिथूनच अंदाज यायला लागतो, पण तिथे आपण बंद गाडीत असतो नं, काच वर असते. जिप्सीत तसं काही नाही. उघडी गाडी, अरुंद रस्ता, एकामागून एक वळणं, आणि दरी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे, म्हणजे "मी डोंगराच्या बाजूला बसते" हा उपाय तिथे चालतच नाही.

चालतं काय तर पुढची सीट. मागे समोरासमोर आडवे बाक असतात, त्यावर बसलं की समोरच्याच्या खांद्यावरून सरळ दरी दिसते, माझ्या नणंदेला तर उंचीचं काहीच वाटत नाही, तरी तिला तिथे मळमळलं. मी गाडीत चढायच्या आधीच ड्रायव्हरला सांगून टाकलं की भैया मला भीती वाटते, हळू घ्या. त्याने मला पुढे बसवलं, म्हणे "दीदी, सामने रोड देखो, नीचे मैं देख लूंगा." आणि खरंच पूर्ण चढावर त्याने गाडी एका चालीत ठेवली, वळणाच्या आधी हॉर्न, मग गिअर, कुठेही झटका नाही, मध्ये एका रुंद जागी स्वतःहून थांबला आणि पाणी प्या म्हणाला. पोट्टे मागून जोरात चला, जोरात चला म्हणून राहिले होते तरी त्याने ऐकलं नाही. माझे 4 स्टार त्या माणसाचे आहेत.

समोर बघ या सांगण्यात दम आहे. उभं राहिलो की शरीर थोडं डोलतच असतं, ते डोळ्यांना जवळच्या वस्तूंमुळे कळतं आणि तोल सावरतो, पण दरीत जवळ काहीच नसतं म्हणून डोळे गोंधळतात आणि पडतोय असं वाटतं. त्यामुळे जवळचं काहीतरी स्थिर बघायचं, काहीतरी घट्ट धरायचं, आणि जमेल तिथे बसून घ्यायचं. वर पोचल्यावर मी लगेच कठड्याकडे गेली नाही, आधी जुन्या बंगल्याजवळ मागेच बसली, मग थोडी पुढे, मग अजून थोडी. सूर्य टेकला तेव्हा मी नवऱ्याचा हात धरून रेलिंगपाशी उभी होती आणि डोंगरांच्या रांगा एकामागे एक निळ्या होत गेल्या त्या मी उघड्या डोळ्यांनी पाहिल्या. रडू आलं मला, खरं सांगते.

आता कापलेला स्टार. सनसेट झाला की सगळ्या जिप्स्या एकदम खाली सुटतात, अंधार, हेडलाइट डोळ्यांवर, आणि मागचा एक जिप्सीवाला घाटात ओव्हरटेक करायला बघत होता, हे अजिबात बरोबर नाही. आमच्या गाडीत मागे सीटबेल्टही नव्हते. हे बदलायला पाहिजे, लहान मुलं असतात गाडीत.

त्याच दिवशी हांडी खोह करू नका. जिप्सीवाले एकाच फेरीत सगळे पॉइंट कोंबतात, पण ती सरळ तुटलेली जवळपास 300 फुटांची खोल दरी आहे, रेलिंगवरून थेट खाली नजर जाते, आधीच ते पाहिलं तर धूपगढला जायची हिंमतच राहणार नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. परमिट आणि जिप्सीचं बायसन लॉजजवळ दुपारीच उरकून घ्या, पूर्ण गाडीचं भाडं आधी ठरवा, आणि ड्रायव्हरला म्हणा की सनसेटच्या तासभर आधी वर पोचव, म्हणजे गर्दी व्हायच्या आत तुम्हाला हळूहळू पुढे सरकायला वेळ मिळतो. वर वारा गार असतो, स्वेटर न्या, आणि पोटभर जेवून चढू नका.