ॲग्री टाकू, हॉर्टी टाकू की बी.टेक.?

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मामा, कृषी प्रवेशाचा पसंतीक्रम भरायचाय. आधी ॲग्री टाकू की हॉर्टी? पप्पा म्हणतात बी.टेक. टाक, लोक इंजिनिअर तरी म्हणतील." बारावीला तिला गणितही होतं आणि जीवशास्त्रही, त्यामुळे तिन्ही दारं उघडी. मी स्वतः ॲग्रीवाला आहे, तेव्हा पारडं थोडं तिकडे झुकेल, हे आधीच सांगून टाकतो.

तिन्ही पदव्या चार वर्षांच्या, आठ सत्रांच्या. बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी म्हणजे ॲग्री, बी.एस्सी. (ऑनर्स) उद्यानविद्या म्हणजे हॉर्टी, आणि बी.टेक. कृषी अभियांत्रिकी. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठं आणि त्यांची घटक व संलग्न महाविद्यालयं या पदव्या देतात. प्रवेश सीईटीवरून. बी.टेक.ला गणित लागतंच. ॲग्रीला गणित किंवा जीवशास्त्र, काहीही चालतं. जे सुटलेलं असतं ते पहिल्या वर्षी प्राथमिक पातळीवर भरून काढून घेतात.

ॲग्रीत चार वर्षं डोळ्यांसमोर शेताचा अख्खा तुकडा असतो. कृषिविद्या म्हणजे पेरणीचं अंतर, खताच्या मात्रा, तण, पाण्याच्या पाळ्या. मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, अनुवंशशास्त्र व पीक पैदास, कृषी अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण, पशुसंवर्धन आणि दुग्धशास्त्र, शिवाय हॉर्टी आणि अवजारांचेही काही पेपर. ताटात सगळंच थोडं थोडं वाढलेलं. ही या पदवीची ताकद आणि हाच तिचा दोष. तिसऱ्या वर्षी एखाद्याला विचारलं, "तुझा विषय कोणता?" तर तो डोकं खाजवतो.

पण हात कामाला लागतात हे खरं. मातीतला सेंद्रिय कर्ब काढायचं प्रॅक्टिकल मला अजून आठवतं. चाळलेल्या मातीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि संहत सल्फ्युरिक ॲसिड घालायचं, फ्लास्क तापतो, अर्धा तास थांबायचं आणि मग ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत बसायचं. निळाजांभळा रंग एका थेंबात लख्ख हिरवा होतो. तो एक थेंब चुकला की पुन्हा पहिल्यापासून. कीटकांची पेटी तर वर्षभर डोक्यावर असते. रात्री खांबावरच्या दिव्याखाली भुंगेरे वेचायचे, टाचणी मधोमध नाही, तर उजव्या बाजूच्या कठीण पुढच्या पंखातून टोचायची, पेटीत डांबरगोळी ठेवायची. गोळी विसरलात तर परीक्षेच्या आदल्या दिवशी पेटीत नुसत्या टाचण्या आणि भुसा.

आणि मग 'रावे', म्हणजे गावात राहून काढायचा कार्यानुभव. स्थानिक पेपरात 'कृषिकन्यांनी दिले बीजप्रक्रियेचे धडे' अशी फोटोसह बातमी येते ना, ती हीच पोरं. बोर्डो मिश्रण हे त्यांचं ठरलेलं प्रात्यक्षिक: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मगच एकत्र करायचं. त्यात लोखंडी विळा बुडवून पाहायचा. पातं तांबूस झालं तर चुना कमी पडलाय. गावातले आजोबा हे सगळं शांतपणे पाहतात आणि शेवटी विचारतात, "पोरी, हे बरोबर आहे, पण मजूर कुठून आणू?" चार वर्षांतला सगळ्यात अवघड प्रश्न तोच.

हॉर्टीत नजर शेतावरून एका झाडावर येते. फळशास्त्र, भाजीपाला, फुलशेती आणि लँडस्केप, मसाला व लागवडीची पिकं, रोपवाटिका, काढणीपश्चात तंत्रज्ञान. माती, कीड, रोग इथेही आहेत, पण ज्वारी-सोयाबीनऐवजी आंबा-डाळिंबाच्या संदर्भात. 'बागकामाचा कोर्स' समजून आलेले दुसऱ्याच सत्रात शुद्धीवर येतात. वनस्पती शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायन कुणाला सोडत नाही.

इथलं खरं शिक्षण मात्र बोटांत असतं. कोकणात जुलै-ऑगस्टला कोय कलमं बांधतात तेव्हा जाऊन बघा. कोय रुजून दोनेक आठवड्यांचं, अजून तांबूस पानं असलेलं रोप घ्यायचं, शेंडा छाटून मधे चीर द्यायची. हापूसच्या काडीला पाचरीसारखा तास देऊन ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. काडीची पानं आठ-दहा दिवस आधी काढून ठेवलेली असली पाहिजेत, म्हणजे डोळा फुगलेला मिळतो. सराईत माळी हे बोलता बोलता करतो. विद्यार्थ्याची पहिली पंधरा-वीस कलमं मरतात, आणि ज्याला त्याचं वाईट वाटून तो पुन्हा बांधायला बसतो, त्याने हॉर्टी घ्यावी. याहून चांगली प्रवेश परीक्षा मला सुचत नाही.

हॉर्टीची दुसरी बाजू पैशाची आहे. नाशिकची द्राक्षं घ्या. नव्या काड्यांसाठी एप्रिलची खरड छाटणी, फळांसाठी ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग निर्यातीसाठी औषधांच्या उर्वरित अंशाची तपासणी. इथे शेतकरी सल्ल्याचे पैसे मोजतो, कारण चूक झाली तर वर्ष जातं. कोरडवाहू तुरीच्या सल्ल्याला कोणी खिशात हात घालत नाही.

बी.टेक.वर मी कमी बोलेन, कारण ती वेगळीच वाट आहे. पहिलं वर्ष जवळपास कुठल्याही इंजिनिअरिंगसारखं: गणित, ड्रॉइंग, मेकॅनिक्स. पुढे ट्रॅक्टर व अवजारं, मृद व जलसंधारण, सिंचन व निचरा, प्रक्रिया अभियांत्रिकी, अपारंपरिक ऊर्जा. ठिबकच्या लॅटरलमध्ये (ओळीतल्या बारीक नळीत) शेवटच्या ड्रीपरपर्यंत दाब किती उरतो, याचं गणित सोडवायला मजा येत असेल तर डोळे झाकून जा. अकोल्याच्या विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल विदर्भात पाहायला मिळते. त्या धाटणीचं काम म्हणजे हे शिक्षण. पण गावात लोक तुम्हालाही बोंडअळीवर औषध विचारणार, आणि तुम्हाला ते सांगता येणार नाही. 'इंजिनिअर म्हणतील' एवढ्यासाठी घेऊ नये, हे मी भाऊजींनाही सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही.

नोकरीचं बोलायचं तर बँकांच्या कृषी अधिकारी परीक्षेला तिन्ही पदव्या चालतात. एमपीएससीच्या कृषी सेवेचा अभ्यास करताना ॲग्रीवाल्याला पाया तयार मिळतो. बियाणं आणि औषध कंपन्याही आधी ॲग्रीवाल्याला बोलावतात, फक्त 'फील्ड ऑफिसर' म्हणजे बहुतेकदा मोटारसायकल आणि विक्रीचं टार्गेट, हे माहीत असू द्या. कृषी सेवा केंद्राचा परवाना काढायलाही ही पदवी कामी येते. खरा फरक पुढच्या शिक्षणात पडतो. ॲग्रीनंतर एम.एस्सी. हॉर्टी करता येतं. हॉर्टीनंतर मात्र बहुतेक वाटा हॉर्टीतच राहतात, आणि बी.टेक.नंतर एम.टेक. म्हणूनच ज्याचं अजून ठरलेलं नाही त्याने ॲग्री घ्यावी, असं माझं मत. घरी बाग असेल, नर्सरी काढायची असेल किंवा कलमाचा नाद असेल, तर मात्र हॉर्टी वर टाकायला कचरू नये.

हे सगळं झाल्यावर मी भाचीला सांगितलं की पदवीच्या नावापेक्षा कॉलेजचा फार्म बघ. मी शिकलो तिथे (नाव राहू द्या) रब्बीत आमच्या वाट्याला हरभऱ्याचे प्लॉट आले होते. डिसेंबरात बोअर आटलं, हरभरा जागेवर वाळला. जर्नलमध्ये मात्र प्रत्येकाने हेक्टरी उत्पादन नीट काढून दाखवलं, आणि त्यावर सहीही झाली. तेव्हा जाताना विचारायचं: जमीन किती, पाणी कुठलं, प्रॅक्टिकलला एका बॅचमध्ये किती पोरं, गायी आहेत का, शिक्षक कायम आहेत की तासिकेवर, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे का. शेवटचा प्रश्न विचारायचा राहिला तर पुढे एम.एस्सी.च्या वेळी फार महाग पडू शकतं.

परवा ती पप्पांना घेऊन दोन कॉलेजं बघून आली. एकाची इमारत काचेची, पण फार्म 'सध्या बंद आहे'. दुसऱ्याची इमारत जुनाट, पत्र्याचं पार्किंग. पण मागे डाळिंबाच्या ओळीत पोरं वाकून गुटी (झाडावरच्या फांदीला मुळं फुटावीत म्हणून) बांधत होती, आणि एका मुलीने हिच्याही हातात सुतळी देऊन एक बांधायला लावली. "सैल बांधली मी, मामा. ती म्हणाली, ही काही लागायची नाही."

यादीत सध्या हॉर्टी वर आहे. भाऊजी अजून बोलत नाहीत.