कुटुंबासह परदेशात नर्सिंग: आखात, ब्रिटन, आयर्लंड की जर्मनी?

परदेशातल्या नोकरीची चौकशी पगारापासून सुरू होते. एकट्याने जायचं असेल तर तेवढी पुरतेही. जोडीदार आणि मुलं बरोबर असतील तर मात्र मी आधी वेगळं विचारेन: ती माझ्यामागे किती महिन्यांनी येऊ शकतील, जोडीदाराला तिथे नोकरी करता येईल का, आणि मुलगी अठरा वर्षांची होईल तेव्हा तिचा त्या देशातला दर्जा काय असेल? या प्रश्नांवर देशांची क्रमवारी पगाराच्या क्रमवारीपेक्षा बरीच वेगळी लागते.

सगळे एकत्र कधी येणार?

कागदावर आयर्लंड सगळ्यात उदार आहे. नर्स तिथल्या क्रिटिकल स्किल्स परवान्याच्या, म्हणजे तुटवडा असलेल्या कौशल्यांसाठीच्या कामाच्या परवान्याच्या, यादीत आहेत. त्यामुळे कुटुंबाला बोलवायला वर्षभर थांबावं लागत नाही, जोडीदाराला स्वतंत्र परवाना न काढता काम करता येतं आणि दोन वर्षांनी स्टॅम्प 4 हा वास्तव्याचा दर्जा मिळू शकतो. तो मिळाला की नोकरी बदलताना नवा परवाना लागत नाही. अडचण सुरुवातीची आहे. नोंदणी पूर्ण होण्याआधी प्रशिक्षणाचा काळ किंवा परीक्षा असते आणि तो टप्पा एकट्यानेच काढावा लागतो. शिवाय भाड्याचं घर मिळणं फार अवघड आहे. घर हातात आल्याशिवाय मुलांची तिकिटं काढू नका.

ब्रिटनमध्ये हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर नर्सला कुटुंब बरोबर नेता येतं, जोडीदाराला नोकरी करता येते आणि व्हिसाबरोबर सरकारी आरोग्यसेवेसाठी घेतला जाणारा आरोग्य अधिभार कोणालाच भरावा लागत नाही. मार्च 2024 पासून कुटुंब नेण्यावर बंदी आली ती केअर वर्करवर (वृद्ध-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या केअररवर), नर्सवर नाही. म्हणूनच नोकरीच्या पत्रावरचं पद नीट वाचा. ‘आधी केअरर म्हणून जा, मग नर्स व्हा’ असं सांगणाऱ्या एजंटला तिथेच नमस्कार करा. जुलै 2025 पासून तर परदेशातून नव्याने केअरर भरती करणंच बंद झालं आहे. नोंदणीची संगणकावरची परीक्षा मायदेशी देता येते, पण ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा ब्रिटनमध्येच होते. ती पास होऊन नोंदणी क्रमांक मिळेपर्यंत पगार सहसा खालच्या बँडचा, म्हणजे खालच्या वेतनश्रेणीचा, असतो. कायद्याने मुभा असली तरी ओस्कीच्या धामधुमीत लहान मुलांना घेऊन जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आखातातल्या संयुक्त अरब अमिरातीत दरमहा 4000 दिरहॅम, किंवा 3000 दिरहॅम आणि राहायची सोय, एवढं असलं की कुटुंबाला प्रायोजित करता येतं. पण रुग्णालयाने दिलेली सोय म्हणजे इतर नर्सबरोबरची खोली असेल, तर तिथे कुटुंब राहणार नाही आणि बाहेर फ्लॅट घेतला की शिल्लक झपाट्याने घटते. आयकर नाही हे खरं, मात्र परदेशी मुलांच्या शाळा बहुतेक खासगी असतात आणि फी तुमच्याच खिशातून जाते. नर्सची नोकरी गेली तर तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्यांचा व्हिसा धोक्यात येतो, हे विसरू नका.

जर्मनीबद्दल थोडं सविस्तर

जर्मनीत अडसर एकच आहे, पण मोठा. जर्मन भाषा बी 2 पातळीपर्यंत, म्हणजे कामावर अडखळल्याशिवाय बोलता-लिहिता येण्याइतकी, यावी लागते. शिवाय तुमच्या पदवीची तिथल्या नर्सिंगच्या शिक्षणाशी तुलना होते. उणीव निघाली तर अनुकूलन प्रशिक्षण घ्यायचं किंवा ज्ञानपरीक्षा द्यायची, आणि मग पूर्ण नर्स म्हणून मान्यता मिळते. तोवर सहायक म्हणून काम आणि पगारही सहायकाचा.

वॉर्डातलं कामही वेगळं असतं. रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं, शौचाला नेणं ही तिथे नर्सची रोजची कामं आहेत. शिरेत सुई लावणं किंवा रक्त काढणं मात्र अनेक ठिकाणी डॉक्टर करतात. जिथे अंघोळीचं काम मावशी किंवा नातेवाईक करतात आणि सलाइन नर्स लावते, अशा रुग्णालयातून गेलेल्या अनुभवी नर्सला सुरुवातीला आपलं कौशल्य वाया जातंय असं वाटतं. ते दुःख खरं आहे. जाण्याआधीच जोडीदाराशी त्याबद्दल बोलून ठेवा.

याच्या बदल्यात मिळतं तेही भरघोस. सरकारी आरोग्य विम्यात मुलं आणि न कमावणारा जोडीदार वेगळा हप्ता न भरता येतात. 2025 मध्ये बालभत्ता प्रत्येक मुलामागे महिना 255 युरो होता. कुशल कामगाराला तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, आणि बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही.

मुलाचं वय मात्र इथे फार महत्त्वाचं ठरतं. बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी होते. पाच वर्षांचं मूल बालवाडीत खेळताखेळता जर्मन शिकतं. नऊ वर्षांचं मूल पोहोचतं तेव्हा भाषा कच्ची असते आणि निवड तोंडावर आलेली असते.

ड्युटी आणि घर

ब्रिटनमध्ये साडेबारा तासांची ‘लाँग डे’ सर्रास असते. सकाळी सातच्या सुमाराला हँडओव्हर (आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती घेणं) आणि घरी पोहोचायला रात्रीचे साडेआठ. जर्मनीत पहाटपाळी बहुधा सहाला लागते, तर बालवाडी अनेकदा सातला उघडते. मधला तास कोण सांभाळणार? जवळ आजी नाही, शेजारी ओळखीचे नाहीत. जोडीदाराचीही शिफ्ट असेल तर दोघांचे रोस्टर समोरासमोर ठेवूनच निर्णय घ्या. मुलाखतीत कायम नाइटबद्दल आणि पार्टटाइमबद्दल सरळ विचारा, त्यात संकोच नको.

कायमचं राहणं

ब्रिटनमध्ये कायम वास्तव्यासाठी पाच वर्षांची अट चालत आली. मे 2025 च्या सरकारी श्वेतपत्रिकेत ती दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला गेला. मूल तेरा-चौदा वर्षांचं असेल तर हा फरक फार मोठा आहे, कारण स्थायी दर्जाशिवाय विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्याची फी लागू शकते. अमिरातीत नर्सच्या नोकरीतून ठरावीक वर्षांनी आपोआप कायम वास्तव्य मिळत नाही.

ऑस्ट्रेलिया पुढच्या टप्प्यासाठी ध्यानात ठेवा. ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये नोंदणी होऊन 1800 तास काम केलेल्या नर्सना एप्रिल 2025 पासून तिथली नोंदणी सोपी झाली आहे. पण कायम वास्तव्याच्या अर्जात कुटुंबातल्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होते, आणि एकाच्या आजारपणामुळे सगळ्यांचा अर्ज अडू शकतो. घरात मोठ्या उपचारांची गरज असलेलं मूल असेल तर आधी त्याबद्दल कायदेशीर सल्ला घ्या.

मूल सहा वर्षांच्या आतलं असेल आणि दोघांची भाषा शिकायची तयारी असेल, तर मी जर्मनी निवडेन. मुलं दहा-बारा वर्षांची, इंग्रजीतून शिकणारी असतील तर आयर्लंड, आणि घर मिळत नसेल तर ब्रिटन. डोक्यावर कर्ज असेल आणि चार-पाच वर्षांनी परतायचं पक्कं असेल तर आखात, पण मुलं कुठे राहतील हे आधी ठरवून.

देश कोणताही ठरो, एक काम आजच हाती घ्या. पदवी, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले एका टेबलावर मांडा आणि नावं अक्षरन् अक्षर जुळवून बघा. लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर असेल तर पडताळणी तिथेच अडते, आणि मुलाच्या दाखल्यावर आईचं वेगळं नाव असेल तर त्याच्या व्हिसाची फाइल आईच्या फाइलमागे राहते.